एकरी किती मतं?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत अमरावतीकरांनी बरीच भाषणं ऐकली, पण त्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो बिनभाषणाचा प्रसंग. २३ एप्रिल, सायन्सकोर मैदान. मतदानाला तीन दिवस उरलेले. प्रहार जनशक्ती पक्षाचे बच्चू कडू हातात परवानगीचा कागद घेऊन मैदानावर आले आणि पोलिसांनी त्यांना आत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांची सभा होती, त्यामुळं सुरक्षेचा प्रश्न होता. कडूंचं म्हणणं साधं होतं : परवानगी आधी आम्हाला दिली, मग मैदान त्यांचं कसं? कॅमेरे होते, आवाज चढले, कागद फडकला. मैदान शेवटी शाहांनाच मिळालं. त्याच दिवशी, म्हणजे २४ला, राहुल गांधींचीही सभा जिल्ह्यात होऊन गेली.

४ जूनला मोजणी झाली. काँग्रेसचे बळवंत वानखडे ५,२६,२७१. भाजपच्या नवनीत राणा ५,०६,५४०. प्रहारचे दिनेश बूब ८५,३००. मैदानावरून जे दोन पक्ष भांडले, त्यांतल्या एकाचा उमेदवार दुसरा आला, एकाचा तिसरा. ज्यांचं त्या मैदानाशी काही घेणंदेणं नव्हतं, ते वानखडे १९,७३१ मतांनी दिल्लीला गेले.

एवढ्यावरून ‘गर्दीला काही अर्थ नसतो’ असा निकाल देऊन टाकता येईल. हरलेला पक्ष तो लगेच देतो आणि जिंकलेला पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरतो. खरं तर गर्दीला अर्थ असतो. फक्त सभेला आलेल्या माणसाला स्वतःलाच तो ठाऊक असतो, आणि वऱ्हाडी माणूस तो सांगत नाही.

वऱ्हाडात गर्दीबद्दल तज्ज्ञाचं मत हवं असेल तर ते पत्रकाराला विचारू नये, नेत्याच्या स्वीय सहायकाला तर मुळीच नाही. बिछायत केंद्राच्या मालकाला विचारावं. पेंडॉल, खुर्च्या, सतरंज्या, जम्बो कूलर, जनरेटर, पुढच्या रांगेसाठी सोफे आणि सोफ्यांवर पांढरे कव्हर, हे सगळं त्याच्याकडून जातं. तो कोणत्याच पक्षाचा नसतो, कारण सगळ्याच पक्षांकडं त्याची बाकी असते. किती खुर्च्या गेल्या, किती परत आल्या, किती पाय मोडून आल्या, याचा हिशेब त्याच्या वहीत असतो. कोणत्याही सर्वेक्षणाला हेवा वाटावा असा हा कच्चा माल आहे. सभेचं शास्त्रही त्यालाच कळतं. पाच हजार माणूस येणार असेल तर साडेतीन हजार खुर्च्या लावायच्या. उरलेले उभे राहतात, आणि उभा माणूस फोटोत दीडपट दिसतो. मैदान मोठं असेल तर मागचा भाग कनातीनं कापून टाकायचा. माणूस कमीच येणार अशी कुणकुण लागली तर खुर्च्यांच्या रांगांत ऐसपैस अंतर सोडायचं. नेत्याला वाटतं शिस्त आहे. रिकामी खुर्ची ही सभेतली सगळ्यात महागडी वस्तू. भाडं तेवढंच, पण दुसऱ्या दिवशी पेपरात तिचाच फोटो येतो.

या खुर्च्या आणखी एक जण मोजतो आणि तो सरकारी असतो. निवडणूक खर्चाला मर्यादा आहे : मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख. म्हणून जिल्हा निवडणूक कार्यालय पक्षांना बोलावून दरपत्रक ठरवतं. खुर्चीचं भाडं इतकं, पेंडॉलचं चौरस फुटाला इतकं, चहा इतका, नाश्ता इतका, हार इतका. मग व्हिडिओ पथक सभेत येऊन चित्रीकरण करतं, गाड्या किती, खुर्च्या किती, व्यासपीठ केवढं ते टिपतं, आणि पुढं ते चित्रीकरण पाहून उमेदवाराच्या खर्चाची एक समांतर नोंदवही भरली जाते. उमेदवारानं सांगितलेला खर्च आणि या वहीतला खर्च जुळला नाही की नोटीस.

इथून खरी गंमत सुरू होते. रात्री आठला माईकवर उमेदवार सांगतो, ‘आज हा जनसागर पाहून विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकली आहे.’ सकाळी अकराला त्याचा हिशेबनीस निवडणूक कार्यालयात बसून सांगतो, ‘साहेब, कायचा जनसागर? अर्ध्या खुर्च्या खालीच होत्या. तुमच्या पोरायनं उगाच वरून शूटिंग घेतलं.’ एकच सभा, दोन आकडे. एक पेपरासाठी, एक वहीसाठी. पेपरातला आकडा उमेदवाराला मोठा हवा असतो आणि वहीतला लहान. भारतात एवढी मोठी जाहीर सभा आणि एवढी छोटी जाहीर सभा एकाच वेळी, एकाच मैदानावर भरवण्याची कला निवडणूक आयोगानं नकळत जन्माला घातली. त्यात आणखी एक बारकावा आहे. पक्षाचा स्टार प्रचारक आला तर त्याच्या सभेचा खर्च पक्षाच्या खात्यावर जातो, पण उमेदवार त्याच्यासोबत व्यासपीठावर चढला की त्याच्या नावावर वाटा लागतो. दिल्लीचा नेता भाषण करत असताना उमेदवाराच्या चेहऱ्यावर जी व्याकुळता दिसते, ती दर वेळी भक्तीचीच असते असं नाही.

आता आकडा खरा किती असतो, ते पाहू. अमेरिकेत बर्कलीला हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. त्यांच्या खिडकीखाली १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांची आंदोलनं भरायची. खालच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. प्रत्येक चौकोनात किती डोकी, ते मोजून त्यांनी हिशेब बसवला : विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट लागतात, दाटीवाटीत साडेचार. ही पद्धत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. एकरी किती झाडं बसतात हे तो पऱ्हाटी लावताना दर जूनमध्ये करतोच. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. खुर्च्या टाकून माणशी दहा फूट धरले तर एकरी साडेचार हजारही माणूस बसत नाही. लाखाची सभा म्हणजे तेवीस एकर. खुर्च्या काढून खांद्याला खांदा लावून उभे केले तरी दहा एकरांच्या वर जागा हवी, त्यात व्यासपीठ नाही, हेलिपॅड नाही, गाड्यांची जागा नाही. शहराच्या मधोमध, चारी बाजूंनी दुकानं असलेल्या मैदानावर ‘अडीच लाखांची विराट सभा’ झाल्याचं ज्या दिवशी छापून येतं, त्या दिवशी सात-बारा काढून पाहायला हरकत नाही.

बरं, माणसं आली हे खरं मानलं, तरी ती कशासाठी आली?

गर्दी हा वऱ्हाडाचा जुना शौक आहे. बहिरमच्या जत्रेला माणूस हंडीतलं मटण आणि रोडगे खायला जातो, देवाला जाता जाता हात जोडतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराची कावड निघते, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर येतं, आणि अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखांनी माणूस जमतो आणि मौन पाळतो. या तिन्ही गर्द्यांच्या रस्त्यांवर सगळ्या पक्षांचे फ्लेक्स लागतात, ‘भाविकांचे हार्दिक स्वागत’. भाविक त्यांच्याच बोलावण्यावरून आल्यासारखे नेते त्यात हात जोडून उभे असतात. ज्या मुलखात माणूस एवढ्या सहज आणि एवढ्या हौसेनं जमतो, तिथं त्यानं सभेला यावं यात नवल ते काय? तो हेलिकॉप्टर बघायला येतो. हेलिकॉप्टर उडालं की अर्धी सभा उठते. नेता आत बसलेला असतो की अजून बोलतोय, याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

अशा वेळी दर्यापूर रस्त्यावरच्या एखाद्या पानठेल्यावर जे संभाषण चालतं, ते साधारण असं असतं.

“काऊन बे, काल कोनाच्या सभेले गेलता?”

“दोघायच्याबी गेलतो.”

“दोघायच्या?”

“वावरात काम नोतं, घरी लाईन नोती. बसून काय करू मंग?”

“मंग मत कोनाले देतं?”

“थे काय सभेत द्याचं रायते का?”

यात ‘वावरात काम नोतं’ हे वाक्य राजकीय विश्लेषकांनी अधोरेखित करून ठेवावं. लोकसभेचं मतदान एप्रिलमध्ये असतं. तेव्हा शेतं रिकामी, ऊन बेचाळीसच्या पुढं, लग्नसराई चालू, मजूर मोकळा. संध्याकाळी सहानंतर सभेत कूलरसमोर जागा मिळाली तर घरापेक्षा बरं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ला होतं. तेव्हा सोयाबीन नुकतंच निघालेलं आणि कापसाची वेचणी ऐन भरात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जेवढा कापूस वेचाल तेवढे पैसे. बाईनं दिवस सोडून सभेला यायचं तर तिला निदान तेवढे सुटले पाहिजेत, वरून आलूबोंडा. एप्रिलमधल्या हजार माणसांचा आणि नोव्हेंबरमधल्या हजार माणसांचा भाव सारखा नाही. पण टीव्हीवर दोन्हींना ‘तुफान गर्दी’ असंच म्हणतात.

टीव्हीचं प्रकरण तर याहून मजेदार आहे. नवनीत आणि रवी राणा या दाम्पत्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण अमरावतीला देशभरच्या वाहिन्यांवर त्यांच्याएवढा वेळ क्वचितच कोणी मिळवून दिला असेल. २०२२च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘मातोश्री’समोर हनुमान चालिसा म्हणणार असं जाहीर केलं. २३ एप्रिलला मुंबईत अटक झाली, राजद्रोहाचं कलम लागलं, बारा दिवसांनी दोघं बाहेर आले. त्या काळात बातम्यांच्या वाहिन्यांना अमरावती, खार आणि भायखळ्याचं कारागृह यांच्यापलीकडं जग आहे याची आठवण नव्हती. योगायोग असा की वृत्तवाहिन्यांची टीआरपी ऑक्टोबर २०२०पासून बंद होती आणि नुकतीच, मार्च २०२२मध्ये, पुन्हा सुरू झाली होती. सतरा महिन्यांचा उपवास सुटला आणि महिनाभरात पंगतच बसली.

टीआरपी बंद का पडली होती? मुंबई पोलिसांचा आरोप होता की मोजणी यंत्र बसवलेल्या काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितलं जात होतं. म्हणजे सभेला न जाता, घरच्या सोफ्यावर बसून गर्दीत सामील होण्याचा भत्ता. पुढं तो खटला मागे घेतला गेला, त्यामुळं आरोप हा आरोपच राहिला. पण तो बाजूला ठेवला तरी मोजणीचा व्याप बघा. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर, त्यांतली यंत्र बसवलेली पन्नास-साठ हजारांच्या आसपास. दर साडेतीन-चार हजार घरांमागं एक. नमुना नीट निवडला तर तेवढ्यानं भागतं, शास्त्राची तक्रार नाही. मात्र ते यंत्र एवढंच सांगतं की या घरात अमुक वाहिनी चालू होती. ती कोण बघत होतं, चिडून बघत होतं की कौतुकानं, की टीव्ही चालू ठेवून सगळे गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते, हे त्याला दिसत नाही. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकणारा माणूस त्या भांडणात कोणाच्या बाजूचा असतोच असं नाही. त्याला भांडण आवडतं.

आणि मतं? नवनीत राणांची मतं बघण्यासारखी आहेत. २०१४ला राष्ट्रवादीकडून लढल्या, चित्रपटांतून आलेल्या उमेदवार म्हणून बघायला गर्दी होतीच, आनंदराव अडसुळांकडून सव्वा लाखाहून जास्त मतांनी हरल्या. २०१९ला अपक्ष, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर; ५,१०,९४७ मतं मिळाली आणि त्या अडसुळांनाच हरवून खासदार झाल्या. २०२४ला भाजपकडून; ५,०६,५४० मतं मिळाली आणि हरल्या. मधल्या पाच वर्षांत हनुमान चालिसा झाली, तुरुंग झाला, दिल्ली झाली, पक्ष बदलला, मित्र बदलले. शरद पवारांनी तर अमरावतीतच सभा घेऊन २०१९ला त्यांना दिलेल्या पाठिंब्याबद्दल लोकांची माफी मागितली. आणि एवढ्या सगळ्यातून मतांच्या बेरजेत फरक पडला ४,४०७चा. मत देणारी माणसं बरीचशी बदललेली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बेरीज तेवढी तिथंच राहिली. पाच लाख सहा हजार मतांचा प्रेमळ माणूस सभेला येतो, सेल्फी काढतो, टीव्ही बघतो, हे सगळं मोजता येतं. पलीकडं सव्वापाच लाख माणूस एका बाजूला सरकतोय, तो कुठल्याच खुर्चीवर बसत नाही.

हे राणांना कळत नव्हतं असं नाही. प्रचारातच त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितलं होतं की मोदींची हवा आहे या भ्रमात राहू नका, ग्रामपंचायतीची निवडणूक लढतो तशी ही लढा, दुपारी बाराच्या आत मतदार बाहेर काढा. त्यावर गदारोळ झाला, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असा खुलासाही त्यांनी केला. पण सबंध प्रचारात कोणत्याही व्यासपीठावरून एवढं व्यवहाराचं बोलणं दुसरं झालं नसेल. ते सगळ्यांनी मिळून चूक ठरवलं.

टीव्हीच्या पुढची पायरी मोबाइलची. तिच्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही, एक उदाहरण पुरे. २०२४च्या विधानसभेला मुंबईच्या वर्सोव्यातून अभिनेता एजाज खान उभा होता. इन्स्टाग्रामवर चाहते ५० लाखांच्या वर. मतं १५५. ‘नोटा’ला त्याच्याहून किती तरी जास्त पडली, आणि नोटाचं तर खातंही नाही.

जगाच्या इतिहासातही हे सोंग जुनंच. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं १९३६ला एक कोटी पत्रं पाठवून कौल मागवला, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यावरून रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकले. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं. उत्तरं खोटी नव्हती. ज्यांना पत्र गेलं आणि ज्यांनी हौसेनं ते परत पाठवलं, त्यांचं मत तेच होतं. सभेचंही तसंच आहे : जो आला तो आला, त्याच्यावरून न आलेल्याचं सांगायला गेलं की साप्ताहिक बंद पडतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाही तर हरलेल्या उमेदवारांना फार आनंद होईल. फेब्रुवारी १९७७मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, जगजीवनराम बोलणार होते. लोकांनी घरी बसावं म्हणून सरकारी दूरदर्शननं त्या संध्याकाळी ‘बॉबी’ लावला. लोक ‘बॉबी’ सोडून सभेला गेले. त्या गर्दीनं सांगितलं ते खरं निघालं, उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली. मात्र त्याच निवडणुकीत अकोल्यातून काँग्रेसचे वसंत साठे आणि अमरावतीतून काँग्रेसचेच नाना बोंडे निवडून आले. दिल्लीची गर्दी दिल्लीपुरती खरी होती. वऱ्हाडानं ती पेपरात वाचली आणि आपलं चालू ठेवलं. बारा वर्षांनी, १९८९ला, याच अमरावतीनं भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या सुदाम देशमुखांना लोकसभेवर पाठवलं. ज्या पक्षाकडं खुर्च्यांच्या भाड्याची पंचाईत, त्या पक्षाला.

गर्दी आणि मत यांच्यात ताटातूट कशी होते, याचा सगळ्यात ताजा दाखला पुन्हा बच्चू कडूंचा. २००४पासून सलग चार वेळा अचलपूरचे आमदार. नोव्हेंबर २०२४ला भाजपच्या प्रवीण तायडेंनी त्यांना १२,१३१ मतांनी पाडलं. एरवी पडलेल्या आमदाराकडं दुसऱ्या दिवशी चहा प्यायलाही कोणी येत नाही. कडूंनी जून २०२५मध्ये मोझरीला उपोषण केलं आणि २८ ऑक्टोबरला शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी नागपुरात मोर्चा नेला. ट्रॅक्टर घेऊन माणूस आला, वर्धा रोडवर ठिय्या पडला, हैदराबादकडं जाणारा महामार्ग तुंबला. राजू शेट्टी, अजित नवले, वामनराव चटप सोबत. सरकारनं बोलणी केली आणि ३० जून २०२६पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याची तारीख दिली. आमदारकीत जे झालं नाही, ते आमदारकी गेल्यावर रस्त्यावर झालं. त्या गर्दीत असेही शेतकरी असतील, ज्यांनी वर्षभरापूर्वी कडूंविरुद्ध बटण दाबलं होतं. त्यांना विचारलं तर त्यात काही विसंगती आहे असं ते मुळीच मानणार नाहीत. आमदार निवडायचा तेव्हा एक बघायचं, सरकारला घाम फोडायचा तेव्हा दुसरं. ही अक्कल फक्त नेत्यांनाच असते असं कोणी सांगितलं?

उत्साही गर्दीचा आणखी एक प्रकार दर्यापूर तालुक्यात खल्लारला दिसला. १६ नोव्हेंबर २०२४च्या रात्री रवी राणांच्या युवा स्वाभिमान पक्षाच्या उमेदवारासाठी नवनीत राणांची सभा होती. गोंधळ झाला आणि खुर्च्या उडाल्या. गर्दी होती, जोशही होता, फक्त तो कोणाच्या बाजूचा होता हे खुर्ची कोणत्या दिशेनं जात होती त्यावर ठरत होतं. वाहिन्यांवर ती सभा राज्यभर गाजली. दर्यापूरला निवडून आले ते ठाकरेंच्या शिवसेनेचे गजानन लवटे. आणि त्याच निवडणुकीत, पन्नास-साठ किलोमीटरवर बडनेऱ्यात, रवी राणा साठ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. एकच घर, जूनमध्ये लोकसभेला हार, नोव्हेंबरमध्ये एवढी मोठी जीत. आता ‘राणांची खरी ताकद किती’ या प्रश्नाचं उत्तर ज्याला एका ओळीत हवं असेल, त्यानं ते टीव्हीवरच शोधावं. तिथं सगळं एका ओळीत असतं.

अकोल्याची तऱ्हा अमरावतीहून वेगळी. तिथं सभा हा तसा गंभीर प्रकार आहे आणि त्याचं कारण प्रकाश आंबेडकर. १९९८ आणि १९९९ला ते अकोल्यातून लोकसभेवर गेले. नंतर २००४पासून दर वेळी लढले आणि दर वेळी हरले. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या वंचित बहुजन आघाडीनं औरंगाबादच्या जबिंदा मैदानावर ओवैसींसह सभा घेतली, फेब्रुवारी २०१९मध्ये शिवाजी पार्क भरवलं. त्या गर्दीचे फोटो पाहून भल्याभल्यांची झोप उडाली होती. बाळासाहेबांच्या सभांना, म्हणजे अकोल्यात बाळासाहेब म्हटलं की आंबेडकर, मुंबईतले नव्हे, माणूस स्वतःची भाकरी बांधून येतो, स्वतःच्या खर्चानं येतो, हे विरोधकही मान्य करतात. म्हणजे इथं भाड्याचा प्रश्न नाही, आलूबोंड्याचा नाही. निकाल काय लागला? २०१४ला त्यांना अकोल्यात २,३८,७७६ मतं होती. २०१९ला, त्या सगळ्या सभांनंतर, २,७८,८४८ झाली. चाळीस हजार वाढली, म्हणजे गर्दी खोटी नव्हती. पण भाजपचे संजय धोत्रे ५,५४,४४४वर होते. मग २०२४ आलं. ओवैसींची साथ सुटलेली, महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटलेली, शिवाजी पार्कसारखं वातावरण नाही. मतं २,७६,७४७. पाच वर्षांत राज्यात दोन पक्ष फुटले, तीन मुख्यमंत्री झाले, आणि अकोल्यातल्या या मतांमधून वजा झाले दोन हजार एकशे एक.

एवढं स्थिर दुसरं काही अकोल्यात सापडणार नाही. उन्हाळ्याचा पारासुद्धा दरवर्षी थोडा इकडंतिकडं होतो. दर पाच वर्षांनी मुंबईहून पत्रकार येतात, टॉवर चौकात कॅमेरा लावतात आणि ‘यंदा अकोल्यात वातावरण काही वेगळंच आहे’ असं सांगून जातात. वेगळं असतं, पण ते भलतीकडंच. २०१९ला काँग्रेसला २,५४,३७० मतं होती. २०२४ला डॉ. अभय पाटलांना ४,१६,४०४ पडली. दीड लाखाहून जास्त माणूस गुपचूप सरकला, ना कोणत्या विराट सभेचा फोटो, ना कोणता ट्रेंड. आणि तरीही ४०,६२६ मतांनी भाजपचे अनुप धोत्रेच निवडून आले. ज्याची सभा गाजली तो तिसरा, जो न गाजता वाढला तो दुसरा, आणि ज्याच्या पक्षाची मतं पाच वर्षांत जवळजवळ एक लाखानं घटली तो पहिला. विश्लेषण करणाऱ्यानं हे आकडे घेऊन कावडीबरोबर गांधीग्रामला चालत जावं, रस्त्यात काही सुचलं तर सुचलं.

नोव्हेंबर २०२४मध्ये विधानसभेच्या प्रचारासाठी पंतप्रधान नरेंद्र मोदी अकोल्यात आले. ९ तारीख. बंदोबस्त, हेलिपॅड, पेंडॉल, गावोगावच्या गाड्या. गर्दी व्हायची तशी झाली. भाजपनं अकोला पूर्व, अकोट, मूर्तिजापूर राखलं. राज्यात तर महायुतीनं विरोधकांचा साफ फडशा पाडला. फक्त अकोला पश्चिम गेलं. १९९५पासून गोवर्धन शर्मांनी सांभाळलेली, ते गेल्यावर रिकामी झालेली हक्काची जागा. काँग्रेसचे साजिद खान पठाण तिथून १,२८३ मतांनी निवडून आले. जेकब्स साहेबांच्या मापानं, खुर्च्या टाकून, १,२८३ माणसं बसवायला बारा गुंठेही लागत नाहीत.

शहरातल्या एका बिछायतवाल्याला हा आकडा सांगितला, तर त्यानं वहीतून मान वर न काढता विचारलं, “बाराशे त्र्याऐंशी? एवढ्या खुर्च्या त आपन साध्या लग्नात लावतो ना भाऊ.”